१२८ जीबीचा छोटा एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क: बूट ड्राइव्हवर काय ठेवायचं, काय नाही?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

माझा लॅपटॉप २०१८चा आहे. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. प्रोसेसरबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मशीन चालू केल्यापासून ब्राउझरमध्ये पहिलं पान दिसेपर्यंत पाच मिनिटं जातात. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर सीपीयू १० टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली.

मी दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. वाचनाच्या ऐन मध्यावर अँटिव्हायरस किंवा अपडेट जागं झालं की मुद्रणात बारीक खंड पडतात. ऐकताना कळतं की 'परंतु'मधला 'रं' गेलाय. मग ते पान पुन्हा वाचायचं. गेल्या महिन्यात एकाच प्रकरणात असं चार वेळा झालं, तेव्हा ठरवलं की आता याचा निकाल लावायचाच.

बहिणीने तिच्या लॅपटॉपमध्ये मोठा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घातला, त्यामुळे तिचा जुना १२८ जीबीचा एम.२ एसएसडी रिकामा पडून होता. तो तिने मला दिलाय. माझ्या लॅपटॉपमध्ये एम.२ची जागा रिकामी आहे असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय. अडचण अशी की सी ड्राइव्हवर आत्ता ३१० जीबी भरलेलं आहे, त्यातली २२० जीबी जुनी मुद्रणं आणि फोटो. १२८मध्ये हे कसं बसवायचं? क्लोन (आहे तशी हुबेहूब नक्कल) करायचं की विंडोज नव्याने टाकायचं? आणि मुळात इतक्या लहान एसएसडीने फरक पडतो का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

कंदील

मीही याच नावेत आहे. वाचनखूण साठवली. माझ्याकडे तर ३२ जीबीचाच आहे, त्याबद्दल नंतर विचारीन.

लोहचुंबक

@पाऊलवाट, फरक पडतो, आणि लहान असूनही पडतो. आधी कारण सांगतो, म्हणजे पुढची वाटणी कशी करायची ते आपोआप लक्षात येईल.

५४०० आरपीएम म्हणजे तबकडीचा एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य रिंगणावर न्यायला साधारण १२. असे एका वाचनामागे १७-१८ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ५५-६० वाचनं होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर वेग भरतो सेकंदाला पाव एमबीच्या आसपास! हीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना १०० एमबी सहज देते. विंडोज सुरू होताना नेमकं विखुरलेल्या हजारो बारीक फाइलींचंच वाचन चालतं, म्हणून १०० टक्के दिसतं. एसएसडीत डोकं नाही, फेरा नाही. तो अशी हजारो वाचनं सेकंदात उरकतो.

तेव्हा माझं सांगणं एवढंच: काय कुठे ठेवायचं ते फाइलीच्या आकारावरून ठरवू नका, तिला हात किती वेळा लागतो त्यावरून ठरवा. विंडोज, प्रोग्राम, ब्राउझरचं प्रोफाइल, मेलचा साठा आणि सध्या चालू असलेलं काम एसएसडीवर. झालेलं, मिटलेलं, फक्त कधीतरी ऐकायचं किंवा बघायचं ते हार्ड डिस्कवर. फोटो किंवा मुद्रण सलग वाचलं जातं, तिथे जुनी डिस्क अजिबात अडवत नाही.

आता मशीन उघडायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, एम.२ म्हणजे फक्त आकार. त्याच आकारात सॅटा (जुनी, कमी वेगाची जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगाची) असे दोन वेगळे प्रकार येतात. तुमच्या लॅपटॉपची जागा कुठला प्रकार घेते ते माहितीपुस्तिकेत नीट बघा. काही ठिकाणी दोन्ही चालतात, काही ठिकाणी एकच. एसएसडीच्या सोनेरी दातांमध्ये दोन खाचा असतील तर तो बहुतेक सॅटा, एकच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. पण 'बहुतेक'वर विसंबू नका, दोन खाचांचे एनव्हीएमईही निघालेले आहेत. लेबल वाचा. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२४२ आणि २२६०ही येतात आणि स्क्रूची जागा त्याप्रमाणे बदलते.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची: जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि ०५, सी५, सी६, सी७ या ओळींसमोर काय आकडे आहेत ते इथे टाका. ते कळेपर्यंत क्लोन वगैरे काही सुरू करू नका.

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो. १२८मध्ये जीव गुदमरतो. लेबलवर १२८ असलं तरी विंडोज ११९ दाखवतं, कारण कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. शिवाय लहान एसएसडीचा लिहिण्याचा वेग कमी असतो. आत मेमरीच्या चकत्या कमी, त्यामुळे एका वेळी कमी चकत्यांवर लिहिलं जातं. त्यात टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी मेमरी) असेल तर सुरुवातीचा जलद भाग भरला की वेग दाणकन खाली येतो. दर आठवड्याला जागा मोजत बसण्यापेक्षा थेट ५००चा घ्या आणि हार्ड डिस्क काढूनच टाका.

लोहचुंबक

@उंबरठा, नवा घ्यायचा असता तर मीही १२८ सुचवला नसता. तुमचे मुद्दे बरोबर आहेत. पण हा हातात आहे आणि त्यांचं काम मोठ्या फाइली सतत लिहिण्याचं नाही. साधं मोनो मुद्रण, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट: सेकंदाला ८८,२०० बाइट, म्हणजे तासाला साधारण ३२० एमबी. दहा तासांचं अख्खं पुस्तक कच्च्या रूपात सव्वातीन जीबीत मावतं. लिहिण्याचा वेग इथे आड येत नाही.

११९चा हिशोब असा मांडतो. विंडोज ११ स्वतः २५-३० जीबी, त्यात अपडेटसाठी राखून ठेवलेली सुमारे ७ जीबी. हायबरनेशनची (मशीन बंद करताना रॅममधलं डिस्कवर उतरवण्याची) फाइल रॅमच्या ४० टक्के, म्हणजे ८ जीबीला ३.२. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ३ ते ८ धरा. प्रोग्राम १५-२०. हे सगळं ४५ ते ६०मध्ये बसलं. चालू पुस्तकांना १५ द्या आणि उरलेली ४० जीबीहून जास्त जागा रिकामी सोडा. ही रिकामी जागा वाया जात नाही. एसएसडी भरलेल्या पानावर थेट लिहू शकत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळी जागा असली की त्याचा कंट्रोलर ही झाडलोट निवांतपणे करत राहतो. काठोकाठ भरला की एसएसडीही रडतो.

अर्धविराम

हा धागा दीड वर्षापूर्वी वाचायला मिळाला असता तर माझा एक आठवडा वाचला असता. मी केलेली चूक सांगतो, कृपया कुणी ती पुन्हा करू नका.

मी एसएसडी बसवला, हार्ड डिस्क आत तशीच राहू दिली आणि पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं. इन्स्टॉल करताना एसएसडीच निवडला होता. सगळं झकास चाललं. चार महिन्यांनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून काढून ठेवली आणि लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. एसएसडी धडधाकट, विंडोज त्याच्यावर, तरी मशीन उठेना.

झालं असं होतं की इन्स्टॉलरला हार्ड डिस्कवर आधीचं ईएफआय विभाजन (मशीन सुरू करायच्या फाइलींचा छोटा भाग) दिसलं आणि त्याने बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्राम, तिथेच नेऊन ठेवला. घर एकीकडे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. एका दुरुस्तीवाल्याने तर एसएसडी खराब आहे म्हणून बदलायला सांगितलं. शेवटी विंडोजच्याच पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएसडीवर छोटं ईएफआय विभाजन केलं, बूट फाइली तिथे नव्याने लिहून घेतल्या आणि सुटलो.

म्हणून सांगतो, विंडोज टाकताना मशीनमध्ये एकटा एसएसडीच असू द्या. हार्ड डिस्कची केबल सोडवून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

शेवाळ

+१. माझ्या मामेभावाकडे अगदी हेच झालं होतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. @अर्धविराम, तुम्ही इतकं उघडपणे लिहिलंत त्याबद्दल विशेष.

तपासून आले. एसएसडीला दोन खाचा आहेत आणि लेबलवर सॅटा ६ जीबीपीएस, २२८० असं स्वच्छ लिहिलंय. माहितीपुस्तिकेप्रमाणे माझ्या लॅपटॉपची जागा दोन्ही प्रकार घेते. इथवर बरं.

हार्ड डिस्कचं मात्र मन खट्टू करणारं आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा रंग दाखवून 'कॉशन' म्हटलंय. ०५ समोर ०, सी५ समोर ८, सी६ समोर ०, सी७ समोर ०. याचा अर्थ काय? यात माझी २०१९पासूनची मुद्रणं आहेत.

लोहचुंबक

ताई, आता बाकी सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा मुद्रणं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आज रात्रीच.

सी५ म्हणजे असे सेक्टर जे वाचताना डिस्क अडखळली आणि ज्यांचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. ८ हा आकडा योगायोगाने आलेला नाही. आजच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, तो बाहेर ५१२चे आठ म्हणून दाखवला जातो. म्हणजे तबकडीवरची एकच जागा दुखावलेली आहे. कदाचित लिहिताना वीज गेल्यामुळे झालं असेल, कदाचित पृष्ठभाग खरोखर खराब झाला असेल. त्या जागी पुन्हा काही लिहिलं जाईपर्यंत कळायला मार्ग नाही. ०५ शून्य आहे म्हणजे अजून एकही सेक्टर बाद करावा लागलेला नाही. सी७ शून्य म्हणजे केबलही ठीक.

क्लोनचा विचार आता सोडाच. एक तर तसंही ३१० जीबी ११९मध्ये घालायला आधी विभाजन आक्रसावं लागतं, आणि रिस्टोर पॉइंट, पेजफाइल अशा न हलणाऱ्या फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असल्या की ते जमत नाही. दुसरं म्हणजे त्या एका सेक्टरवर क्लोनिंग अडकेल. आणि सात-आठ वर्षांची अडगळ नव्या घरात कशाला न्यायची?

कॉपी करताना आधी परत न मिळणारं घ्या: मुद्रणं, फोटो, स्वतः लिहिलेलं. मग ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड. प्रोग्राम घेऊ नका, ते पुन्हा टाकता येतात. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्यावर दहा-दहा वेळा प्रयत्न करत बसू नका.

आणखी एक. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते बघा. चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते ४८ अंक, कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर हीच डिस्क उद्या नव्या विंडोजमधून उघडताना कुलूप दिसेल.

टाचणी

लिनक्सवाल्यांसाठी थोडं. पुष्कळजण '/' एसएसडीवर आणि अख्खं '/होम' हार्ड डिस्कवर ठेवतात. मीही दोन वर्षं तसंच ठेवलं होतं. मग लक्षात आलं की ब्राउझरचं प्रोफाइल, प्रोग्रामांच्या सेटिंग्ज, कॅश, सगळं होममध्येच लपलेलं असतं. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त वेळा हात लागतो तेच संथ डिस्कवर! मशीन दहा सेकंदांत उठायचं आणि ब्राउझर मात्र घोरत पडायचा. आता होम एसएसडीवर आहे आणि फक्त संगीत, चित्रं, चित्रफिती यांची फोल्डरं हार्ड डिस्कवर जोडून दिली आहेत. लोहचुंबक यांचा 'हात किती वेळा लागतो' हा निकष इथेही जसाच्या तसा लागू पडतो.

ट्रिमसाठी (कुठली जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवण्यासाठी) हल्लीच्या बहुतेक वितरणांत आठवड्याला एकदा चालणारा टायमर असतो. तो चालू आहे ना एवढं बघा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि लिनक्स त्या विभाजनावर लिहायला नकार देतं. ते बरोबरच करतं.

कंदील

आता माझा प्रश्न. माझ्या छोट्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबी ईएमएमसी (डिस्कऐवजी असलेली साठवणीची चिप) आहे. विंडोज १० टाकलेलं होतं, दर मोठ्या अपडेटला 'जागा अपुरी'. हे काढून मोठं लावता येईल का?

लोहचुंबक

@कंदील, ईएमएमसी मदरबोर्डवर झाळलेली असते, काढून बदलायची गोष्ट नाही. खालचं झाकण उघडून एम.२ किंवा २.५ इंची डिस्कची जागा मोकळी आहे का ते बघा. काही मशीनमध्ये कनेक्टर आयता असतो. नसेल तर विंडोज ११चा नाद सोडा, त्याला किमान ६४ जीबी लागतात. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. हलकं लिनक्स ३२मध्ये आरामात बसतं आणि वाचन, लेखन, ब्राउझर यांना पुरतं.

कंदील

एम.२ची जागा नाही. लिनक्स करून बघतो. आभार.

पाऊलवाट

आठवड्याने लिहिते आहे.

मुद्रणं उतरवायला दोन रात्री लागल्या. २२० जीबीतली फक्त एक फाइल अडली. २०२०मधल्या एका पुस्तकाचं चौथं प्रकरण. त्याची एमपी३ प्रत ज्या वाचकाला पाठवली होती त्याच्याकडे अजून होती, त्याने लगेच परत पाठवली. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मग रविवारी सकाळी मशीन उघडलं. तळाचे दहा स्क्रू काढले तरी झाकण हलेना. जोर लावणार होते, पण थांबले आणि मागच्या रबरी पट्टीखाली नखाने चाचपून पाहिलं, तर तिथे आणखी दोन निघाले. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत, म्हणून कागदावर लॅपटॉपचा तळ काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. ही युक्ती फार उपयोगी पडली. पहिल्यांदा बॅटरीची तार सोडवली. एसएसडी तिरका धरून खाचेत सरकवला, अलगद 'टक्' असं बसल्याचं जाणवलं, पण दुसरं टोक वर उचललेलंच राहतं आणि ते दाबून धरायचा स्क्रू लॅपटॉपमध्ये नव्हताच! @लोहचुंबक यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांनी एम२ मापाचा, ३ मिमी लांबीचा लागेल असं सांगितलं. बहिणीकडे विचारलं, तर तिच्या जुन्या एसएसडीचा स्क्रू पाकिटाच्या कोपऱ्यात सापडला.

अर्धविराम यांचं ऐकून हार्ड डिस्कची केबल सोडवली आणि विंडोज ११ पेनड्राइव्हवरून टाकलं. एसएसडीवरची बहिणीची जुनी विभाजनं सगळी काढून टाकली आणि एकच रिकामी जागा निवडली. परवान्याची की कुठे विचारलीच नाही.

पॉवरचं बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत १९ सेकंद. मी तीनदा मोजलं.

मग हार्ड डिस्क परत जोडली आणि पोटात गोळा आला. मशीन पुन्हा जुनंच विंडोज घेऊन उठलं, तसंच रडतखडत.

लोहचुंबक

घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दोनदा दिसेल, कारण दोन्ही डिस्कवर एकेक आहे. शेजारी डिस्कचं नाव असेल. एसएसडीचा वर न्या, साठवा, बाहेर पडा.

पाऊलवाट

झालं! अगदी तसंच दोनदा होतं.

आता फोल्डरं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे हार्ड डिस्कवर हलवायची आहेत. एका व्हिडिओत अख्खं 'यूजर्स' फोल्डरच दुवा देऊन हलवायला सांगितलंय. करू का?

लोहचुंबक

नको. अख्खं यूजर्स किंवा प्रोग्राम फाइल्स हलवलं की पुढच्या मोठ्या अपडेटला विंडोज गोंधळतं, आणि अ‍ॅपडेटा (प्रोग्रामांच्या सेटिंग्ज आणि कॅशचं फोल्डर) त्याच्यासोबत संथ डिस्कवर जातं. टाचणी यांनी सांगितलेलीच चूक, फक्त नाव वेगळं. त्याऐवजी पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, डाउनलोड्स यातल्या एकेका फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. ही विंडोजची अधिकृत वाट आहे. पण आधी हार्ड डिस्कवर नुसतं 'पिक्चर्स' असं रिकामं फोल्डर करा आणि तेच निवडा. थेट डी ड्राइव्हच निवडलात तर अख्खा ड्राइव्हच 'पिक्चर्स' होऊन बसतो आणि ते निस्तरताना नाकी नऊ येतात.

डॉक्युमेंट्स लहान असेल तर एसएसडीवरच राहू द्या. हायबरनेट वापरत नसाल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ते बंद करा, ३.२ जीबी सुटतील. फास्ट स्टार्टअपही त्याच्यासोबत जातं, पण एसएसडीवर त्याची उणीव फारशी भासत नाही. पेजफाइल मात्र हार्ड डिस्कवर हलवू नका. 'एसएसडी झिजेल' म्हणून काही जण हलवतात. ८ जीबी रॅमवर ती रोज वापरली जाते आणि नेमकी तीच संथ जागी गेली तर आपण हा खटाटोप कशासाठी केला? झिजेची भीती आकड्यांनी बघा: २५० जीबीच्या सॅमसंग ८६० ईव्होला १५० टेराबाइट लिखाणाची हमी होती. १२८च्या साध्या एसएसडीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, अगदी ६० टेराबाइट, धरली तरी रोज १५ जीबी लिहून ती संपायला जवळजवळ ११ वर्षं लागतात.

डिफ्रॅगचं (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणायचं) बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू नका. विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ' एसएसडी ओळखून ट्रिमच करतं.

उंबरठा

पेजफाइलबद्दल सहमत. मी स्वतः ती हलवून ठेवली होती, हे वाचून परत आणली. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडल्यावर अडखळणं गेलं.

पाऊलवाट

दोन दिवस वापरल्यावर एक नवी गोष्ट जाणवली. मुद्रणाच्या प्रोग्राममध्ये फाइल साठवायला गेलं की कधीकधी सात-आठ सेकंद सगळं गोठतं, मशीनमधून हलकी घरघर ऐकू येते, मग सुरळीत. हे काय असावं?

लोहचुंबक

२० मिनिटं कुणी हात लावला नाही की विंडोज हार्ड डिस्कची मोटर थांबवतं. साठवायची खिडकी उघडली की तिला जाग येते आणि ती पूर्ण वेगात येईपर्यंत तुम्ही थांबता. पॉवर ऑप्शन्समध्ये ही वेळ वाढवता येते, पण तुमच्या बाबतीत मी वाढवणार नाही. उलट चालू पुस्तकाचं फोल्डर एसएसडीवर घ्या, प्रोग्रामची तात्पुरत्या फाइलींची जागाही तिथेच द्या. पुस्तक पूर्ण झालं की हार्ड डिस्कवर हलवा. तुम्ही वाचत असताना डिस्क झोपलेलीच असेल, म्हणजे माइकमध्ये तिची घरघरही जाणार नाही.

पाऊलवाट

अगंबाई, हे तर लक्षातच आलं नव्हतं! इतकी वर्षं प्रत्येक मुद्रणातून मी ती घरघर गाळत बसायची.

जुनं विंडोज हार्ड डिस्कवरून कधी पुसू?

लोहचुंबक

पंधरा दिवस राहू द्या. काहीतरी विसरलेलं हमखास आठवतं. त्यानंतर बाहेरच्या प्रतीतल्या चार-पाच फाइली उघडून, ऐकून खात्री करा, आणि मगच पुसा. डिस्क मॅनेजमेंट जुनं ईएफआय विभाजन काढू देणार नाही, त्यासाठी डिस्कपार्ट या विंडोजच्याच कमांड प्रॉम्प्टमधल्या प्रोग्रामची 'क्लीन' आज्ञा लागेल. ती काही विचारत नाही, थेट पुसते. डिस्क ० कुठली आणि १ कुठली हे क्रमांकावरून धरू नका, आकारावरून ओळखा: ९३१ जीबी तुमची जुनी, ११९ जीबी नवी. बाहेरची बॅकअपची डिस्क त्या वेळी जोडलेली नको.

मग 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. तीनेक तास जातील. त्यात प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं, म्हणजे तो दुखावलेला सेक्टरही एकदाचा निकाली निघेल. नंतर सी५ आणि ०५ काय म्हणतात ते कळवा.

अर्धविराम

@पाऊलवाट, आकारावरून ओळखा हे खरंच दोनदा वाचा.

पाऊलवाट

दोनदा वाचलं, आणि बहिणीला शेजारी बसवून तिच्याकडूनही वाचून घेतलं.

आज फॉरमॅट झाला, सव्वातीन तास. सी५ समोर आता ०. ०५ समोरही ०.

लोहचुंबक

उत्तम. म्हणजे त्या जागी नव्याने लिहिलेलं टिकलं, सेक्टर बाद करावा लागला नाही. पृष्ठभाग ठीक असावा, लिहिताना कधीतरी वीज गेली असेल. तरी वय बघता हिच्यावर एकमेव प्रत ठेवू नका. महिन्यातून एकदा तेच चार आकडे बघत जा. सी५ पुन्हा वर सरकला तर डिस्क बदला.

पाऊलवाट

बाहेरच्या डिस्कवरची प्रत तशीच राहील, या डिस्कवर फक्त दुसरी प्रत. आकडे दर महिन्याच्या १ तारखेला वहीत लिहायचे ठरवलंय, पहिली ओळ आजच लिहिली.

एसएसडीवर ४१ जीबी मोकळी आहे. आज संध्याकाळी पाचव्या प्रकरणाची बावीस पानं सलग वाचली. इअरफोन लावून पूर्ण ऐकलं, एकही अक्षर गळलेलं नाही.